हात वर झाला की

प्रिय विपुल,

प्रिय लिहिलं, कारण सख्ख्या भावाले दुसरं काय लिहितात ते मले येत नाही. तुझा फोन मी मुद्दामच उचलून नाही राहिली. फोनवर तू ओरडतो, मग मीही ओरडते. पत्र तुले गुमान वाचा लागते.

ईदच्या दिवशी शेजारच्या रईसाभाभीची निखत शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन तुझ्या अंगणात आली अन् तुझ्या कुत्र्यानं, शेरूनं, चावून तिचा दंड फोडला. दरवर्षी येते ते लेकरू. अन् तू साऱ्या बडनेऱ्यात सांगून राहिला की पोरीनंच खोडी काढली, कुत्र्याची जातच वाईट! लाज वाटते का रे थोडी? मी त्या दिवशी तुझ्याकडेच आलेली, ओसरीवरच उभी होती. शेरू वाडग्यात तोंड घालील म्हणून पोरीनं हात वर केला, बस्स. दुसरं काहीच केलं नाही तिनं.

शेरू आणला तेव्हा ओंजळीत मावायचा. तुझी नोकरी नुकतीच सुटली होती, मले वाटलं, बरं झालं, घरबसल्या याचा जीव रमेल. कुठचं काय! बाहेर कोणी विचारत नाही, तर फाटकावर तरी लोकं भ्यायले पाहिजे, हे तुझं खूळ. कुत्रा तिखट व्हावा म्हणून भाकरीत ठेचा कालवला. कोठीतल्या अंधारात डांबला. वऱ्हाडातल्या उन्हात टिनाखाली बांधला. अन् बाहेर कोणी काही बोललं की घरी येऊन चप्पल त्याच्यावर. लस दिली म्हणाला, तेही खोटं निघालं. निखत आता सुया टोचून घेऊन राहिली, तुझ्यापायी.

त्याच दिवशीची गोष्ट. निखतच्या दंडातून रक्त थांबत नव्हतं, मी फळीवरचा टॉवेल घ्यायले झटकन हात वर केला. बाजूले आकांक्षा उभी होती. तिनं डोळे गच्च मिटले, मान आत घेतली अन् दोन्ही हातांनी डोकं झाकलं. तुमचा शिवम तिच्या पदराआड दडला. पाच वर्षांचं लेकरू रे ते! तुझ्या घरात हात वर झाला की काय होते, ते शेरूले माहीत होतं अन् तुझ्या बायकोलेही. तो चावला, ती चावली नाही, एवढाच फरक.

तर आकांक्षा रुसून माहेरी गेली असं लोकायले सांगणं बंद कर. ती अन् शिवम माझ्याकडे अकोल्याले आहेत. मीच आणलं. शेरूलेही आणलं, डॉक्टरनं त्याच्यावर नजर ठेवायले सांगितली आहे. न्यायले येऊ नको. पहिले रईसाभाभीच्या दारात जा अन् पोरीसमोर खरं काय ते सांग. तरीही इकडे आलाच, तर फाटकावर मी असेन. मी मान आत घेणारी नाही.

तुझीच, पण आता पहिले त्यांची,
सीमाताई