आईच्या नावानं उत्तर

३ नोव्हेंबर, लातूर

आजपासून मी लातूरकर. औसा रोडला खोली मिळाली. खिडकी आहे आणि नळाला पाणीही येतं, म्हणजे इथल्या हिशेबानं लॉटरीच. नोकरी काय आहे ते मात्र घरी, निलंग्यात, कुणालाच समजावता आलं नाही. ‘गावकी’ नावाचं एक खोटं गाव आहे, कॉम्प्युटरमधलं. पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलेली आपली माणसं संध्याकाळी मोबाइल उघडून त्यात शिरतात, बाहुल्या होऊन हिंडतात, एकमेकांच्या दारी जातात. कुणी काही लिहिलं की समोरच्याच्या स्क्रीनवर चौकट उगवते. तिला इथे चिठ्ठी म्हणतात. कधी कधी इतक्या चिठ्ठ्या उगवतात की मागचं गावच दिसत नाही. कुणाची चिठ्ठी कुणाला दाखवायची आणि कुठली दाबायची, हे मी बघायचं. थोडक्यात, पगारी चोंबडेपणा. आमचे साहेब, रामलिंग सर, एवढंच म्हणाले की मॅडम, काम सोपं आहे, फक्त माणसं नाराज होऊ देऊ नका.

९ नोव्हेंबर

रविवार. निलंग्याला जाऊन आईला टॅब देऊन आले. बाबा गेल्यापासून ती घरात एकटीच. लातूरला चल म्हटलं की तिचं ठरलेलं, “आन् घराला कुलूप लावू का?” म्हणून गावकीतच तिला घर बांधून दिलं, अगदी आमच्यासारखं, निळ्या दाराचं. तिला वाचता येतं पण टाइप जमत नाही, तेव्हा ती बोलते आणि टॅब लिहितो. हैदराबादची मावशी लगेच त्या दारी आली. आई म्हणे, काय सोंगं करतेस गं. पण टॅबपुढे बसायच्या आधी लुगडं बदललं. मला फार बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

माणसं रुसायला लागलीत. दारी गेलं, चिठ्ठी टाकली, पण ‘या’ म्हणायला कुणी नाही. घरमालक बिचारा दुबईत ड्युटीवर असतो, पण आपल्याकडे दारातून माणूस परत गेलं की झाला अपमान. दोन चुलतभावांनी तर खरंखुरं बोलणं टाकलं. मग मी एक सोय केली. मालक नसला तरी त्याच्या नावानं आपोआप चिठ्ठी जाईल, “या, बसा,” आणि दार उघडेल. जुन्या चिठ्ठ्या वाचून त्याच्याच ढंगात पुढची दोन वाक्यं बोलणंही होईल. रामलिंग सर जाम खूश. मीही स्वतःवर खूशच आहे, उगाच कशाला लपवा.

१९ नोव्हेंबर

आई फोनवर सांगत होती, एक पाहुणं रोज येतंय. “बरं माणूस हाय. गुमान बसतंय. च्या बी घेत न्हाई.” ऑफिसात उघडून बघितलं. आईच्या गावकीतल्या घरात खरंच कुणीतरी बसलंय. नावाची जागा कोरी. असं कुठलं खातंच गावकीत नाही. आई टॅबपाशी नसताना तिच्या नावानं ‘या, बसा’ गेलं आणि ते आत आलं. काहीतरी बिघाड असणार. पण आईला चहाचं विचारलं तर म्हणाली, कप खऱ्या घरात ठेवते, बाबांच्या खुर्चीपुढे. मी हसले.

२२ नोव्हेंबर

आता हसू येत नाही. त्या कोऱ्या नावाच्या चिठ्ठ्या बंद केल्या. ते बसलेलंच आहे. आपोआप उत्तराची सोय सगळ्या गावातून काढली. सगळीकडून गेली, आईच्या घरातून जात नाही. आईला म्हटलं, त्याला जा म्हण. ती चिडली. “बस म्हनून बसवल्यालं माणूस, आता ऊठ कसं म्हनू? रीत हाय का?”

तिला तिथं एकटं ठेवायचं नाही.

२५ नोव्हेंबर

आईला घेऊन आले, भांडूनच. घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. टॅब बंद करून इथल्या कपाटात टाकला. एसटीत आई खिडकीतून मागेच बघत होती. लातूर आल्यावर म्हणाली, पाहुणं आतच राहिलं की गं.

२६ नोव्हेंबर

मावशीचा फोन. काल सांजच्याला आईशी गावकीत तासभर बोलणं झालं म्हणे. गुडघ्यांचं, लोणच्याचं, माझ्या लग्नाचं.

काल सांजच्याला आई माझ्यासमोर शेंगा सोलत होती.

चिठ्ठ्या काढून वाचल्या. “थंडीनं लई धरल्यात गं गुडघे.” अगदी आईच. नावही आईचं. कोऱ्या नावाचं आता कुठे दिसत नाही. मला भीती वाटतेय.

२७ नोव्हेंबर

रामलिंग सरांनी गावकी बंदच केली. गावकी चालते त्या मशीनची वायर माझ्यासमोर काढली.

तरी माझ्या मोबाइलवर चिठ्ठी. आईच्या नावानं. “सुकन्या, कवा येतीस?”

आई शेजारीच भाकरी थापतेय. तिला दाखवलं नाही. उत्तरही दिलं नाही मी — पण खाली माझ्या नावानं उत्तर गेलेलं दिसतंय. “आलेच.”

२८ नोव्हेंबर

ऑफिसातून लवकर आले. आई नाही. शेजारीण म्हणते, पिशवी घेऊन निघाल्या सकाळीच, खुशीत होत्या, लेकीनं निलंग्याला बोलावलंय म्हणाल्या. तिचा फोन गादीवर. त्यावर गावकी कधी घातलीच नव्हती, तरी चिठ्ठी —

“आई, मी घरी आलेय. कुलूप काढलंय. ये.”

माझं नाव. मी नाही लिहिलं. किल्ली माझ्याकडे —

२८, दुपार. निलंगा

ओट्यावर बसलेय. कुलूप तसंच. किल्ली फिरत नाही.

आत स्टोव्हचा आवाज. आई हसतेय. बाबा गेल्यापासून अशी हसली नव्हती.

दार वाजवलं. आईनं विचारलं, कोन हाय. मी म्हटलं, आई, मी सुकन्या.

आतला स्टोव्ह बंद झाला.

मग आई म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तसं — “सुकन्या माझ्यापाशी बसली हाय. तुमी कोन?”

ओरडतेय मी. शेजारी कुणी बाहेर येत नाही. हात चालतो तोवर लिहिते —

खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं. आईला सांगतंय, माझ्याच आवाजात, तू बस गं, मी बघते —

आतून कडी निघतेय —