लाल चिठ्ठीचा भुंगेरा

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. माझं बरं चाललंय, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. तुझा गुडघा कसा आहे? कॉलेज तिसऱ्या मजल्यावर आहे असं ऐकलं, म्हणजे कसा असणार ते कळतंच.

कीटक-संग्रहालयाचं छत पुन्हा गळलं, पण आपली कपाटं वाचली. शेजारच्या खोलीतल्या माशीवाल्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात म्हणाल्या, "तीस वर्षं पगार घेऊन माशा मारल्या, आता फुकट मारीन." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मग वाटलं, हे घरी जाऊन सांगायला कुणी नाही. असो.

लांबमिश्या भुंगेऱ्यांचा ओळखतक्ता मी यंदा पुरा करतेय. एकूण बेचाळीस पायऱ्या. मिशा अंगापेक्षा लांब असतील तर या पायरीवर जा, आखूड असतील तर त्या. हातात भिंग असलेला कुणीही परका माणूस शेवटी बरोबर नावाशी पोचला पाहिजे. तूच म्हणायचास, "तक्ता हुशारांसाठी नसतो, बाई. हुशार लोक न बघताच ठोकून देतात."

कच्चा तक्ता मी काही हौशी मंडळींना पाठवला होता. त्यातल्या एका निवृत्त पोस्टमनचं उत्तर आलंय. ओळी रेघ मारल्यासारख्या सरळ. लिहितात: "सतराव्या पायरीवर माझं काहीतरी चुकतंय. एकाच झाडावरचे भुंगेरे मी तपासले. काळे, लांब मिशांचे एका जातीत जातात आणि झाडून सगळे नर निघतात. तपकिरी, पिवळ्या ठिपक्यांचे दुसऱ्या जातीत, त्या झाडून सगळ्या माद्या. एका जातीला बायका नाहीत, दुसरीला नवरे नाहीत, असं कसं होईल? चाळीस वर्षांत मी चुकीच्या दारात पत्र टाकलं नाही. इथे कुठे चुकतो ते कृपया दाखवावं."

त्यांचं कुठेच चुकत नाही, मास्तर.

सतराव्या पायरीवरची दुसरी जात कोणती, ते तुला सांगायला नको. आपल्या ठमीचीच. तिचं शाळेतलं नाव तू त्या भुंगेऱ्याला दिलंस. पहिल्या नमुन्याच्या टाचणीखाली लाल चिठ्ठी आहे आणि तिच्यावर तुझ्या हातचं ते नाव. काळ्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलंय. दोन्ही एकच असतील तर जुनं नाव राहणार, नवं जाणार. नियम तुला माझ्यापेक्षा पाठ आहे.

तुझी चूक नव्हती. तुझ्याकडचे सातही नमुने माद्यांचेच होते. रंग वेगळा, मिशा निम्म्या लांबीच्या, मागच्या मांडीवरचा काटासुद्धा नाही. नर-मादीत इतका फरक या गटात तोवर कुणी पाहिलेला नव्हता. तुझ्या जागी कुणीही नवी जातच म्हणालं असतं.

आता पुढचं. हे पान मी तीनदा फाडलं.

ठमीला जाऊन चार महिने झाले होते. दोन दिवसांच्या तापात सगळं संपलं आणि तू बोलायचाच थांबलास. मी ताट वाढायची आणि तसंच उचलायची. मग एका सकाळी तू सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला दिसलास. "बाई, इकडे ये, हे बघ काय आहे." चार महिन्यांत तू मला मारलेली ती पहिली हाक. मी बघितलं. तपकिरी पाठीवर दोन पिवळे ठिपके. तू म्हणालास, "तिला आवडला असता. मिशांचे तुकडे मोजले असते." मोजलेच असते. "बाबा, सगळ्यांना अकराच कसे?" म्हणून तुझ्या मांडीवर बसून दर वेळी नव्यानं मोजायची.

त्या दिवशी तू जेवलास.

नव्या जातीवरचा तुझा लेख छापायला जायच्या आठवड्यात आणखी नमुने हवेत म्हणून मी एकटीच रानात गेले. वाळक्या फांदीवर मला जोडी दिसली, मास्तर. एकमेकांना धरून असलेली. खाली ठिपक्यांची मादी, वर काळा नर. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. मग चिमट्यानं मी त्यांना वेगळं केलं आणि दोन बाटल्यांत टाकलं. अशी जोडी एका बाटलीत ठेवायची, दोघांच्या चिठ्ठ्यांवर तसं लिहायचं, हे पहिल्या वर्षाची पोरंही जाणतात. मी काळ्याच्या चिठ्ठीवर दोन दिवसांनंतरची तारीख घातली आणि झाडाचं नावही बदललं.

घरी आले तर तू मिशांचं चित्र काढत गुणगुणत होतास.

"मिळालं काही?"

"एक मादी."

"शाबास!" म्हणालास, आणि माझ्या केसांत अडकलेलं पान काढलंस.

तेव्हा सांगायला हवं होतं. नंतरही रोज सांगायला हवं होतं. लेख छापून आला, तू तो माझ्यापुढे धरलास आणि मी कपडे वाळत घालायला निघून गेले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तू तो भुंगेरा दाखवायचास, आणि मी स्वयंपाकघरात. नोंदवहीत मी त्याचं नाव कधी लिहिलं नाही, फक्त खणाचा नंबर. ते तू एकदा बघितलंस. "तिचं नावसुद्धा लिहवत नाही तुला? दगड आहेस तू." मी ऐकून घेतलं. दगड म्हणवून घेणं सोपं होतं. तिचं नाव खोट्यावर उभं आहे, हे तुला सांगणं नाही जमलं. त्या आठवड्यात तू बॅग भरलीस. नऊ वर्षं तू समजतोयस की मला तिची आठवण नकोशी होती.

मला दुसरं काही सुचतच नाही रे, अजूनही.

तू म्हणशील, नाव पुसलं जात नाही, यादीत जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. आयुष्यभर मी त्याच ओळी लिहीत आलेय. त्या कुणी वाचत नाही.

पोस्टमनना मी काल कळवलं की त्यांचं बरोबर आहे, आणि चूक माझी, जाणूनबुजून केलेली. वरिष्ठांनाही सगळं लिहून दिलंय. ते काय करतील ते करोत. लाल चिठ्ठी निघणार नाही, तिच्या खाली आणखी एक लागेल, जुन्या नावाची. ती मी लिहून ठेवलीय. काल टाचणी हातात घेतली आणि परत खणात ठेवली.

शुक्रवारी लावणार आहे. तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. राग आला तर येऊ दे, तुझा हक्क आहे. फक्त जमलं तर त्या दिवशी अकरा वाजता ये. खोली तीच आहे. बोलू नकोस हवं तर, नुसता शेजारी उभा राहा. तिला पोचवायला आपण दोघं गेलो होतो. या वेळी मला एकटीला जायला लावू नकोस.

तिची आई