क्लचच्या पेडलचं रबर

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मिलिंददादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण भाजी आणायला तीच जाते आणि भाजीवाल्याशी भांडून आली की दिवसभर तिची तब्येत उत्तम असते. वहिनी कशी आहे? सईची परीक्षा झाली का?

फोन सोडून पत्र कसलं, असं तुला वाटेल. फोनवर तू "हं, हं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद असा ठेवता येत नाही.

अण्णांची लाल गाडी विकायला हवी, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. सव्वीस वर्षं जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार; आई म्हणते, "यात ना माणसं मावतात ना सामान." गिऱ्हाईक मिळालंय. यज्ञेश नावाचा इथलाच मुलगा आहे, जुन्या गाड्या जमवतो. मीटरवर आठ हजार चारशे किलोमीटर बघून तो जवळपास नाचलाच. "मॅडम, ही तर नवीच की!" चौदा लाखांना तयार झाला, फक्त माझा व्हॅल्युएशन रिपोर्ट हवा म्हणाला. तूही मेसेज केलास, 'लवकर सही करून टाक.'

दादा, सतरा वर्षं मी हेच काम करते आहे. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत माझ्या शिक्क्यावर कुणी शंका घेत नाही, कारण मी मीटर सगळ्यात शेवटी बघते. कमी चाललेली गाडी म्हटलं की लोक भुलतात. उभी राहून राहून तिचे रबरी पाइप तडकतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा होतो, आणि तेही खरंच कमी चालली असेल तर. म्हणून आधी किल्लीचे दात बघायचे, दाराच्या बिजागऱ्या, स्टीअरिंगची चकाकी, पेडलांचं रबर. आपल्या घरची गाडी म्हणून मी यातलं काही सोडलं नाही.

बुधवारी उल्हासनगरला, कॅम्प ४ मध्ये, चंदरचाचांच्या गॅरेजच्या शेडमध्ये गेले. अंबरनाथच्या आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये जागा नव्हती म्हणून गाडी पहिल्यापासून तिथेच. अण्णा दर रविवारी जाऊन पुसायचे, पाच-सहा किलोमीटरची फेरी मारायचे आणि दसऱ्याला शिवमंदिरापर्यंत नेऊन आणायचे. तेवढंच. आणि तरी क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कडेला गुळगुळीत झालंय. आठ हजारांत असं होत नाही. मग सीट सरकवून पाहिली. सीटखालच्या पट्टीवर झिजल्याची एक खूण मागे, अण्णांची; पण दुसरी, जास्त खोल, अगदी पुढच्या खाचेपाशी. अण्णा सहा फूट. तू त्यांच्याहून दोन बोटं जास्तच.

मी पाच फूट एक इंच आहे, दादा.

आता आडवळणं पुरे. २००० ते २००४ मी त्याच कॅम्पात सर्व्हेअरच्या ऑफिसात टायपिंग करत होते, आठवतं? अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "ही गाडी पोरींच्या हातात द्यायची नाही." मला ते फार झोंबलं होतं. चंदरचाचांच्या इतकी मागे लागले की त्यांनीच शिकवलं, आणि आकडा हलू नये म्हणून मीटरची केबल कशी सोडवायची तेही. आठवड्यातून दोन दुपारी, पावसाळा सोडून, बदलापूरवरून बारवी धरणापर्यंत जायचं आणि परत. चार वर्षं. हिशेबाने दहा-अकरा हजार किलोमीटर होतात. आयुष्यात इतकी खूश मी नंतर कधी झाले नाही, हेही लिहून टाकते.

२००४ च्या दसऱ्याला अण्णांना रिमवर ओरखडा दिसला आणि चाकामागे लाल माती. मीटर तर हललेला नव्हता. म्हणजे कुणीतरी केबल काढली होती, आणि गॅरेजांमधून हिंडणारा घरात एकच, तू. झेंडूचा हार हातात असतानाच त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या कानफटात मारली. तू एकदाच म्हणालास, "मी नाही." मग माझ्याकडे पाहिलंस. मी पूजेचं ताट घेऊन उभी होते. आठवड्याने तू नागपूरची नोकरी धरलीस आणि त्यानंतर आलास तो थेट यंदा फेब्रुवारीत, अण्णांच्या दिवसांना. तेव्हाही लॉजवर उतरलास.

मी घाबरले होते, हे खरं. पण घाबरणं महिनाभर पुरतं. पुढची एकवीस वर्षं गप्प राहिले तो नुसता भेकडपणा. अण्णा असताना सांगायला हवं होतं. ती वेळ गेली, आणि ते मला कायम छळणार.

बुधवारी चाचा शेजारीच उभे होते. ऐंशीचे झालेत. म्हणाले, "बेटा, मीटर तो झूठ बोलेगा, पेडल नहीं बोलेगा. अब क्या लिखेगी?"

लिहिलंय. रिपोर्टची प्रत सोबत आहे. 'मीटरवरील आकडा ग्राह्य नाही, प्रत्यक्ष वापर अंदाजे एकोणीस हजार.' यज्ञेशला काल सांगितलं. म्हणाला, "मॅडम, नसतं लिहिलं तर कुणाला कळलं असतं?" मी त्याला क्लचपाशी वाकायला लावलं. आता तो दहा देतोय. जे चार कमी झाले ते माझ्या वाट्यातून जातील. यावर वाद घालू नकोस, मी ऐकणार नाही.

आईलाही आज सकाळी सांगितलं. ती चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून म्हणाली, "मग पोराला बोलाव की."

म्हणून बोलावते आहे. गाडी दसऱ्यानंतरच द्यायची, असं यज्ञेशकडून कबूल करून घेतलंय. दोन ऑक्टोबरला सकाळी कॅम्प ४ ला ये. हार मी आणेन. केबल जोडलेली असेल. सीट मी शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवून ठेवलीय. ज्या गाडीपायी तू मार खाल्लास, घर सोडलंस, तिच्या स्टीअरिंगला तू आजवर हातसुद्धा लावलेला नाहीस. एकदा बारवीपर्यंत ने. मी शेजारी बसेन, नको म्हणालास तर शेडमध्येच थांबेन.

त्या दिवशी ताट धरून गप्प उभी राहिलेली,
तुझी धाकटी बहीण
वृंदा