चातुर्मासातली रात्रीची गोळी

नावडे,
१५ सप्टेंबर २०२५

ती. सुमित्राबायस,
धाकटा भाऊ गोटीराम याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की सूनबाई संध्या विचारते, बहिणीशी भांडताय का. म्हणून पत्र.

बातमी बरी नाही. छातीत जाळी, ते स्टेंट, बसवली, वर्ष होत आलं. उन्हाळ्यात उतरलेलं कोलेस्टेरॉल परत चढलंय. डॉक्टर म्हणतात, गोळी दुप्पट करू, नाहीतर जाळी बुजायची भीती. बाय, मी काय कमी केलं? चातुर्मास धरलाय, मासळी बंद, वडा बंद. दुपारी एकदाच जेवतो, रात्री पाण्यावर निजतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी रात्री जेवल्यावर. त्यांचा शब्द मोडून उपाशीपोटी एकदाही घेतली नाही. तरी रक्त ऐकत नसेल तर गोळ्या हव्यात कशाला? बंदच करतो म्हणतो. माघात ईश्वरीचं लग्न. नातीच्या मांडवात मी असेन की नाही, कोण जाणे. घरात हे बोललेलो नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा गोटीराम

घणसोली गाव,
१९ सप्टेंबर २०२५

चि. गोटीराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आलं. मग असा राग आला की चहा उतू गेला.

अरे शहाण्या, गोळी रात्री जेवल्यावर, आणि रात्री तू जेवतच नाहीस! मग आषाढापासून घेतोस कधी? रक्त बिचारं काय ऐकणार, त्याला कोणी सांगितलंच नाही. आईने सुकत्या बोंबलांजवळून हलू नको म्हटलं, तर सर आली तरी तिथेच भिजत बसणारा तू. साठी उलटली, पण तसाच राहिलास.

मी शाळा पाहिली नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवली, तेव्हा डॉक्टरकी शिकवत नाही. माझी तसलीच गोळी सकाळी असते, शेजारच्या मालतीबाईंची रात्री. असं का, ते मला ठाऊक नाही. म्हणून माझं ऐकून वेळ बदलू नकोस, आणि राहिलेल्या सगळ्या एकदम गिळू नकोस. आधी संध्याला सांग. तिला घेऊन दवाखान्यात जा. व्रत देवासाठी आहे, डॉक्टरांपासून लपवायला नाही.

उत्तर लगेच टाक, माझा जीव टांगलेला आहे.
तुझी सुमित्राबाय

नावडे,
२५ सप्टेंबर २०२५

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

गेलो. दवाखान्यात सगळं संध्यानेच सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, काका, चूक माझीही, गोळी घेता का एवढं विचारलंच नाही. तुमची ही गोळी सकाळी घ्या, रात्री घ्या, पोट भरलेलं असो की रिकामं, चालते. पण रोज, आणि ठरल्या वेळी. काही जुन्या गोळ्या रात्रीच जास्त लागू पडतात, म्हणून प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं. दुप्पट करायचं त्यांनी तूर्त थांबवलंय. दिवाळीनंतर परत रक्त तपासायचं.

आता सकाळच्या चहाबरोबर संध्या गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. पोलीस परवडला.

रागवायचं असेल तेवढं रागव, पण पत्र लिहीत जा.
गोटीराम

नावडे,
८ डिसेंबर २०२५

ती. बायस शि. सा. न. वि. वि.

उतरलं! डॉक्टर म्हणाले, आहे तीच गोळी चालू ठेवा. मी देवळात पेढे वाटायला गेलो आणि सगळी हकीकत सांगितली, तर माझ्यासारखंच व्रत धरलेला आमच्या गावचा हौसेराव पुढे येऊन बोलला. त्याची रक्तदाबाची गोळीही चातुर्मासभर तशीच पडून होती. हसलो नाही. आमच्याच डॉक्टरांकडे नेऊन बसवला.

ईश्वरी म्हणते, आजोबा, हळदीला नाचायचं. डॉक्टरांना विचारलं, किती वेळ? ते म्हणाले, दम लागला की बसा. तर तू आठवडाभर आधीच ये. मला दम लागला की मी बसेन, आणि मग तू नाचायचंस.

वाट बघतो.
तुझा गोटीराम