एविंदुरने मागितलेलं नाव

ह्वालविक,
शनिवार, २६ ऑक्टोबर १९७४

प्रिय स्वावा,

तुम्हा तिघांना अनेक आशीर्वाद. आज हिवाळ्याचा पहिला दिवस, आणि कॅलेंडर बघून आल्यासारखा सकाळीच बर्फ पडला. आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मांजर. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. सोबतच्या गाठोड्यात धुरी दिलेलं मटण आहे आणि एवीसाठी लोकरीचे मोजे. सात वर्षांच्या पोराचा पाय भराभर वाढतो, म्हणून दोन बोटं मोठेच विणलेत.

लेवुरचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय, त्याच्यावर रागावू नकोस. बाप झाला तरी अडलं की आईकडेच धावतो. शाळेतली सगळी मुलं गरम पाण्याच्या तलावात पोहायला शिकतात आणि आपला एवी काठावर त्यांचे टॉवेल सांभाळत बसतो म्हणे. पोरं त्याला 'सुका मासा' म्हणून चिडवतात. मास्तर घरी आले तर तू म्हणालीस, "दुसरं काहीही शिकवा. पाण्यात तो जाणार नाही. त्याचं नाव कुणी मागून घेतलंय, ते मला ठाऊक आहे."

हे वाचलं आणि चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तीनदा कागद घेतला आणि तीनदा मेंढ्यांचंच लिहून फाडून टाकला.

त्याच्या बारशाचा आठवडा तुला आठवतो? तेव्हा तुम्ही माझ्याकडेच राहत होता. बारसं होईपर्यंत नाव ओठांवर आणायचं नाही, हे तू कसोशीने पाळत होतीस. पण बाळाची टोपी वाळत घालताना आतल्या बाजूला भरलेलं 'ह' हे एक अक्षर मला दिसलं. हाल्स्टेन, तुझे वडील. त्याच वसंतात गेले होते. नातवाला त्यांचं नाव द्यायचं तुझ्या मनात होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

मी चुलीपाशी उभी राहून म्हणाले, "स्वावा, काल एविंदुर आला होता गं स्वप्नात. अंगात ओला स्वेटर. पाळण्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, आई, मला परत घरात घ्या."

तू पांढरीफटक पडलीस. लेवुरच्या या बुडालेल्या भावाला तू कधी पाहिलंही नव्हतंस.

"खरंच आले होते, आई?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"मग आता नाही कसं म्हणायचं? गेलेल्या माणसाने नाव मागितलं की द्यावंच लागतं."

टोपीतलं ते अक्षर तू माझ्यादेखत उसवलंस.

स्वावा, तो आला नव्हता.

त्या रात्री मला स्वप्नच पडलं नाही. या गावात ज्याच्या त्याच्या स्वप्नात बुडालेली माणसं येतात. शेजारची इंगा तर नवऱ्याशी स्वप्नात भांडूनसुद्धा घेते. माझा पोरगा दहा वर्षांत माझ्याकडे एकदाही आला नाही. आणि का यावं त्याने? बुडाला त्या सकाळी होडीवर निघताना तो उंबऱ्यात थांबून म्हणाला होता, "आई, वारा बरा दिसत नाही. आज राहू का घरी?" त्याच्या बारशाला पाद्रीबाबांनी सांगितलं होतं की एविंदुर म्हणजे जुन्या भाषेत सुदैवाचा वारा. कोणी बेटाचा वारा असंही म्हणतं, पण आम्ही आपलं सुदैव धरून ठेवलं. मी हसून म्हणाले, "नावातच वारा, आणि वाऱ्याला भितोस? कोण पोरगी देईल रे तुला?" तोही हसला आणि गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लेवुरलाही नाही.

ते नाव पुन्हा दारातून मोठ्याने हाकारावं आणि कुणीतरी "आलो गं" म्हणावं, एवढ्यासाठी मी खोटं बोलले. एवी बोलू लागल्यावर तसं घडलंही. मग एके दिवशी चार वर्षांचा एवी धक्क्यावर खेळत होता, तू किंचाळत धावलीस आणि त्याला उचलून आणलंस. "ज्यांनी नाव मागितलं, ते पोरालाही मागतील!" महिन्याभरात तुमचं बिऱ्हाड दक्षिणेला गेलं, समुद्र दिसणार नाही अशा ठिकाणी. सगळं गाव म्हणालं, थोराची सून भित्री. मी ऐकून घेतलं. करावं तसं भरावं म्हणतात. इथे केलं मी आणि भरताय तुम्ही दोघं.

म्हणून आता नीट ऐक. तुझ्या पोराला कुणी मागितलेलं नाही. नाव मागितलं ते मी, जागेपणी, पूर्ण शुद्धीत. सोमवारीच त्याला पाण्यात सोड. माझ्या एविंदुरला पोहता येत नव्हतं. आमच्यात कुणी शिकायचंच नाही, पोहता आलं की मरायला वेळ लागतो म्हणायचे. नाव बदलायचं असलं तर खुशाल बदल, हाल्स्टेन म्हण त्याला, मी ब्रही काढणार नाही.

हे पत्र लेवुरला दाखव. तो यापुढे मला आई म्हणेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कुणी उत्तर दिलं नाही तरी मी तक्रार करणार नाही. फक्त एवीला पोहता येऊ लागलं की कुणाच्या तरी हाती एक ओळ पाठव.

एकाला त्या वाऱ्यात धाडणारी,
दुसऱ्याला पाण्यापासून तोडणारी,
थोरा