थांबायला काय घेतलंत?

रोव्हानिएमी, डिसेंबर

चिरंजीव योउको,

मी सुखरूप आहे, गाडीलाही ओरखडा नाही. आईला एवढंच वाचून दाखव.

काल गोठलेल्या रस्त्यावर पाऊस पडला. उतारावर मी ब्रेक दाबला आणि चारही चाकांनी ओढणारी माझी ती दमदार गाडी थांबलीच नाही. पुढे एक आजोबा बर्फावरची घसरगाडी ढकलत रस्ता ओलांडत होते. त्यांनी कडेच्या बर्फात उडी मारली म्हणून वाचले. मी धावत गेले, तर कपडे झटकत म्हणाले, "बाई, पळायला एवढं इंजिन घेतलंत, थांबायला काय घेतलंत?"

माझ्या टायरांना बर्फात रुतणारे लोखंडी खिळे नव्हते.

खिळ्यांचे टायर रस्ता खरवडतात आणि ती धूळ मुलांच्या छातीत जाते, हे मी नागरिकांच्या सभेत गरजून सांगितलं. ते आजही खरं आहे. पण ते ऐकून तूही बिनखिळ्यांचे टायर बसवलेस, आणि रविवारी आईला त्याच गाडीतून चर्चला नेतोस ना? चर्चसमोरचा उतार आठव.

खिळ्यांचे टायर बसवेपर्यंत तिला बसनेच ने. कुरकुरली तर ताईचा हुकूम आहे म्हण. माझ्याच भावाने खिळे बसवले म्हणून पुढच्या सभेत लोक मला हसले तरी चालेल.

तुम्हा दोघांच्या काळजीत,
सिर्काताई