केरनला त्या स्टुलावर बसवू नये

मी, केझिया डॉर्कस हॉलनबेक, वय सव्वीस, अविवाहित, राहणार पाळकांचे घर, वेस्ट फोर्क, साउथ डकोटा, हे माझे पहिले आणि एकमेव मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. परवा, शुक्रवारी, माझ्या गळ्यातली गाठ काढायची आहे. डॉक्टरांच्या मते जिवाला धोका अगदी थोडा आहे. पण थोडा म्हणजे नाही असे नव्हे, आणि दार लावले की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेवरून परत येणाऱ्यांपैकी मी आहे.

अशा कागदात ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ असे लिहायची पद्धत आहे. ते मला सरळ लिहिता येत नाही. या कागदापुरते, कोणाच्याही दबावाशिवाय, असे लिहिते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी थोरली बहीण जेमायमा, राहणार डुलूथ, मिनेसोटा, हिने करावी. आमचे वडील, पाळक लोवेल हॉलनबेक, यांनी करू नये. बाबांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हातात किल्ली देणे बरोबर नाही. बाबांनी आम्हां तिघी बहिणींची नावे शास्त्रातल्या एकाच ओळीतून घेतली: जेमायमा, केझिया, केरन. शास्त्रातल्या त्या तिघींना त्यांच्या बापाने भावांच्या बरोबरीने वारसा दिला, असे तिथेच पुढे लिहिले आहे. आम्हांला भाऊ नाही, आणि वारशात आले ते एक स्टूल.

कलम २. ते वाजवणाऱ्याचे स्टूल चर्चच्या मंडळीच्या मालकीचे आहे. मी ते कोणाला देऊ शकत नाही. पण त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

आमच्याकडे उपासनेच्या शेवटी बाबा समोर उभे राहून लोकांना बोलावतात. ज्याच्या मनावर ओझे आहे त्याने पुढे यावे, गुडघे टेकावेत. तेव्हा शेवटचे गीत हळू चालू असते. कोणी आले नाही तर बाबा उजवा हात पाठीमागे नेतात आणि तर्जनी गोल फिरवतात. मंडळीला ते दिसत नाही, मागे वाजवणाऱ्यांना दिसते. त्याचा अर्थ, शेवटचे कडवे पुन्हा. बोट फिरत राहील तोवर पुन्हा.

मी पंधरा वर्षांची असताना पियानोवर जेमायमाताई होती. त्या रविवारी बोट फिरत होते, कोणी येत नव्हते. कडवे संपले आणि ताईने पियानोचे झाकण मिटले. त्या लाकडाचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. ती उठली, मधल्या वाटेने दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. बाबा वळले. त्यांची नजर पहिल्या बाकावर आली.

“केझी, बस.”

आमची शाळा घरातच, जेवणाच्या टेबलावर भरत असे. आई शिकवायची. वाचन आणि गणित यांच्याही आधीचा धडा हा होता, की हाक आली की आधी ‘हो’ म्हणायचे आणि मग काम विचारायचे. मी ‘हो’ म्हटले आणि बसले. ताईने जिथे सोडले होते तिथून पुढे वाजवू लागले. गाणे खरे तर संपलेले होते. त्यानंतर मी उठले नाही असेच म्हटले पाहिजे.

कलम ३. केरन आता सोळा वर्षांची आहे. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. अडलेल्या गाईपाशी ती तासन्‌तास बसते आणि बाह्या धुवायला विसरून तशीच जेवायला येते. वाईट इतकेच, की आम्हां तिघींत सूर तिचा सर्वांत चांगला आहे. बाबा तिला आतापासून बुधवारच्या सरावाला ‘नुसती बसायला’ पाठवतात. मीही तशीच नुसती बसायला जात असे.

मृत्युपत्र लिहिते आहे हे मी तिला सांगितले तेव्हा ती गोठ्यातले बूट काढत होती.

“ताई, तू मेलीस ना, तर मी तुला ठार मारीन.”

“केरन, असं बोलू नये.”

“मग मरू नकोस. तू गेलीस की बाबा वळून कुणाकडे बघणार? आईकडे? आईला तर तूच सांगतेस, गुणगुणू नकोस म्हणून.”

हे कलम तिला उत्तर आहे.

प्रार्थनामंदिरातले विजेवर चालणारे कळफलकाचे वाद्य मी शिकवण्यांच्या पैशांतून घेतले आहे. ते आल्यावर मंदिराचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने जुना पियानो देऊन टाकला. म्हणजे आज मंदिरात माझ्या वाद्याखेरीज दुसरे वाद्य नाही. ते वाद्य, ते ठेवायच्या घोडीसह, मी केरनला देते. मात्र ते तिला डुलूथला जेमायमाच्या घरीच मिळावे, दुसरीकडे कुठेही नाही. तिथवर जाण्यासाठी माझी गाडीही तिला देते, आणि बँकेत जे आहे ते तिच्या शिक्षणाला. ती अठरा वर्षांची होईपर्यंत हे सगळे जेमायमाने सांभाळावे. केरनने तिथेच राहावे अशी अट नाही. फक्त रस्ता एकदा तिच्या पायाखालून गेलेला असावा.

वाद्य रविवारच्या आत हलवावे. शस्त्रक्रिया शुक्रवारी आहे, हे ताईने लक्षात घ्यावे.

नेताना सूचना: याला झाकण नाही. नुसते हात उचलून ते थांबत नाही, सूर मागे चालूच राहतो. प्रार्थनेच्या वेळी ओकेबोके वाटू नये म्हणून मीच तसा लावून ठेवला आहे. बंद करायचे बटण मागच्या अंगाला डावीकडे आहे, चाचपून पाहावे लागते.

कलम ४. गीतांच्या सर्व वह्या गायन-वादन करणाऱ्या चमूला. त्यात मी प्रत्येक गीत तीन सूर खाली उतरवून पुन्हा लिहिले आहे. माझा आवाज उंच, म्हणून इतकी वर्षे सगळी गीते माझ्या उंचीवर बसवली गेली. एकदा ऑर्फा टीग, ज्यांना सगळे ऑर्फाआजी म्हणतात, मला म्हणाल्या, “तुझं गाणं वरच्या फळीवर ठेवलेलं असतं गं. आम्ही खाली उभ्या, माना वर करून. छान दिसतं, पण हाती काही येत नाही.” त्या रविवारपासून मी उतरवायला लागले.

मी बसले तेव्हा आम्ही दोघेच होतो, मी आणि ढोलांवर रोस्कोकाका. आता नऊ जण आहेत. त्यांना वाढवताना जे उपयोगी पडले ते सांगून ठेवते. नवीन माणसाला आधी महिनाभर ऐकायला बसवावे, माइक नंतर. रविवारी कोणाची चूक दाखवू नये, बुधवारी दाखवावी, आणि तीही कॉफी झाल्यावर. बेसूर गाणाऱ्याला काढू नये, त्याच्या शेजारी भक्कम सुराचा माणूस उभा करावा; बाकीचे त्याचा कानच करतो. आणि दर रविवारी एकाने न वाजवता बाकावर बसून उपासना करावी. पाळीपाळीने, मी धरून. हे शेवटचे मला जमले नाही. बाबा म्हणाले, “त्या स्टुलावर हॉलनबेकांची मुलगी नसली की मंडळीला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.” नऊ जण तयार केले की मी मोकळी होईन असे मला वाटत असे. प्रत्येक नवा माणूस आला की बाबा म्हणतात, “बघ, तुझ्याशिवाय यांचं कसं होणार?”

कलम ५. ढोलांचा आवाज फार होतो म्हणून वडीलमंडळाने रोस्कोकाकांभोवती पारदर्शक भिंती उभ्या केल्या. ते त्याला खुराडे म्हणतात. त्यांतले समोरचे दोन तक्ते माझ्या खर्चाने आले आहेत. ते मी केरनला देते. वासरांच्या गोठ्यात वारा अडवायला बरे पडतील. उरलेल्या तक्त्यांवर माझा हक्क नाही. “पुढचे दोन निघू देत,” रोस्कोकाका म्हणाले, “बाकीचे मी लाथेनं काढतो.” हे त्यांचे म्हणणे आहे, माझी सूचना नव्हे.

कलम ६. आईला माझे पांघरूण, माझी खोली आणि खिडकीपाशी ठेवलेली माझी खुर्ची. तिथे तिने बसावे आणि हवे तितके गुणगुणावे. मी तिला गप्प करत असे, याचे कारण ती बेसूर आहे हे नव्हते. ती गुणगुणते ते नेहमी शेवटचेच कडवे असते. वाजवताना सूर ऐकायला कानात घालायची माझी बटणे माझ्याच कानांच्या मापाची आहेत, ती टाकून द्यावीत.

कलम ७. बाबांना लाकडी तालयंत्र. मी सात वर्षांची असताना त्यांनीच आणले होते. त्याला चावी द्यावी लागते. चावी संपली की ते थांबते, कोणी पुढे आलेले असो वा नसो.

बाबा कठोर नाहीत. पुढे आलेल्या माणसाबरोबर ते खरोखर रडतात. मी मागून त्यांचे खांदे पाहिले आहेत. कोणी आले नाही तर त्या रविवारी ते जेवत नाहीत. म्हणूनच बोट फिरत असताना थांबणे इतके अवघड जाते. तो माझा बाप उपाशी राहण्याचा प्रश्न असतो.

आवाजाची नस गाठीला लागून आहे, आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आई रडली. मला मात्र कोंदट खोलीत कोणी खिडकी उघडावी तसे वाटले. गाडीत बाबा माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, “भिऊ नकोस, केझी. आवाज गेला तरी हात आहेत ना? गाईल दुसरं कुणी. तू वाजवशील.” त्यांना धीर द्यायचा होता. मी ‘हो’ म्हटले.

कलम ८. ऑर्फा टीग यांना मी काहीही ठेवत नाही. कारण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये असे मी वाचले आहे. मी त्यांचे देणे मात्र लागते, ते असे. मागे एकदा बोट थांबेना. माझी मनगटे भरून आली होती. तेव्हा ऑर्फाआजी काठी टेकत पुढे आल्या, माझ्याच बाजूला गुडघ्यांवर बसल्या आणि डोळे मिटून कुजबुजल्या, “ए पोरी, मी काही पश्चात्तापाला आले नाहीये. माझा बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये आहे. म्हटलं, कुणी आल्याशिवाय ना तुझी सुटका, ना माझी.” बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रभूचे आभार मानले. तेव्हापासून बोट फार वेळ फिरले की त्या उठतात. रोस्कोकाका म्हणतात, “या बाईइतकं तारण अख्ख्या परगण्यात कुणाचं झालं नाही.”

इथवर लिहून मी आज सरावाच्या आधी, मंदिराच्या तळघरात, दोन्ही साक्षीदारांना कागद वाचून दाखवला.

“म्हणजे सही केली तर काही मिळणार नाही,” ऑर्फाआजी म्हणाल्या. “नसती केली तर काय मिळालं असतं?”

“माझा हिवाळ्याचा कोट.”

“मग करते सही. तो माझ्या एका बाहीलाही पुरायचा नाही.” त्यांनी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. “मेलीस तर काय, ते सगळं चोख लिहिलंयस. आणि शुक्रवारी डोळे उघडलेस तर?”

“तर हा कागद लागू होत नाही, आजी.”

“म्हणजे केरनला सोडवायला तुला मरावं लागणार. अगं, तेरा तारखेला चाकू लावून घेतेस ते तरी जगण्यासाठी ना?”

रोस्कोकाका कॉफीच्या पेल्यात बघत होते. “खाली जागा आहे, केझी. लिही आणखी एक कलम.”

“ते कायद्यात बसत नाही, काका.”

“मी खुराड्यात बसतो. ते कुठल्या कायद्यात बसतं?”

मी म्हटले, मी उठले तर काय होईल ते तुम्हांला ठाऊक आहे. ताई उठली तेव्हा मी बसले. मी उठले तर केरन. ऑर्फाआजींनी लेखणी माझ्यापुढे सरकवली. वर मंदिरात कोणीतरी खुर्च्या सरकवत होते. म्हणून पुढचे कलम मी त्यांच्यासमोर, तिथेच लिहिले.

कलम ९. हे कलम मी जिवंत राहिल्यास लागू. कायद्याने ते कोणावरही बंधनकारक नाही, माझ्यावर आहे.

आवाज असो वा नसो, मी त्या स्टुलावर परत बसेन. केरन अठरा वर्षांची होऊन, स्वतः गाडी चालवत या गावाबाहेर पडेपर्यंत ते स्टूल मी रिकामे होऊ देणार नाही. ताई उठली, मी उठणार नाही. पण शेवटचे कडवे मी एकदाच वाजवीन. मग हात वाद्यामागे नेऊन डावीकडचे बटण बंद करीन आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तिथेच बसून राहीन. बाबांचे बोट फिरत असेल तरी. त्या शांततेत कोणी पुढे आले तर ते खरेच आले असे समजावे.

इथे आधी ‘थांबण्याचा प्रयत्न करीन’ असे होते, कारण खोटे वचन देण्याची मला भीती वाटते. ऑर्फाआजींनी ते शब्द खोडायला लावले. खोडलेल्या जागी तिघांची आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: वेस्ट फोर्क, साउथ डकोटा
तारीख: ११ ऑक्टोबर २०२३, बुधवार
सही: केझिया डॉर्कस हॉलनबेक

आम्ही खालील दोघे लिहून देतो, की केझियाने आमच्यादेखत सही केली, आम्ही तिच्यादेखत केली, आणि ती पूर्ण शुद्धीवर होती.

साक्षीदार १: रोस्को बील, धान्याच्या कोठारावर नोकरी. कलम पाचमधले लाथेचे वाक्य मीच बोललो आहे.

साक्षीदार २: ऑर्फा टीग, विधवा, वय एक्क्याऐंशी. पोरगी माझ्यापेक्षा जास्त शुद्धीवर आहे. तिनं नववं कलम पाळलं, तर मी बाकावरून हलणार नाही, ओव्हनमध्ये काहीही जळू दे. नाही पाळलं, तर येईन मी पुढे, आणि या खेपेला गुडघे टेकून झाले की ते बटण मीच बंद करीन. कुठं आहे ते आता मला माहीत आहे.